अंगठा नको, चूक सांगा

घर बघायला आलेल्या बाईला घरमालक काय काय विचारतात, हे मला पाठ झालं आहे. नॉनव्हेज करता का, पाहुणे किती येतात, एकट्याच राहणार का, आणि मग आडून आडून आडनाव विचारून बाकीचं मनातल्या मनात जुळवून घेणं. पुंडलिकनगरमधल्या त्या घराच्या मालकांनी मला जिन्याच्या खालच्याच पायरीवर अडवलं आणि विचारलं, "उंट कसा चालतो?"

मला वाटलं, माणूस भ्रमिष्ट आहे. पण दिवसभर उन्हात घरं बघून माझंही डोकं तापलेलं होतं. मी म्हटलं, "तिरका. तुमच्याकडं सरळ चालतो का?"

"चावी घ्या," ते म्हणाले. "पाणी येईल तेव्हा येतं. आलं की खालून आवाज देतो."

मी वरच्या मजल्यावर राहायला गेले आणि माझं स्वतःचं घर होईपर्यंत तिथंच राहिले. ते माझे काका झाले, त्यांच्या बायको काकू. मला ते पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत ताई म्हणाले. वयानं मी त्यांच्या मुलीएवढी, पण बुद्धिबळ येणाऱ्या माणसाला एकेरी हाक मारणं त्यांना जमत नसे. कॉलेजात मी संघातून खेळले होते हे कळल्यावर तर आणखीच पंचाईत झाली. कारण मग मी त्यांच्या ग्रुपवर गेले.

काकांनी 'चौसष्ट घरं' नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला होता. शहरात जिथं म्हणून पट मांडलेला दिसेल तिथं जाऊन, डाव संपेपर्यंत मागं उभं राहून त्यांनी एकेक नंबर गोळा केला होता. गारखेड्याच्या बागेत बसणारे निवृत्त लोक, जुन्या शहरातले दुकानदार, कॉलेजची मुलं, स्पर्धेच्या हॉलबाहेर पोराची वाट बघत बसलेले आईबाप. दर रविवारी सकाळी काका त्यावर मराठीतून लेख टाकत. एखादा जुना डाव, एखादी फसलेली चाल, त्यांच्या जुन्या कंपनीच्या कँटीनमधली एखादी लढत. लेखासोबत चित्र कधीच नसे. "चित्र टाकलं की माणूस चित्र बघतो अन् पुढं जातो," ते म्हणायचे. कोणता मोहरा कुठं उभा आहे ते शब्दांत लिहायचं, वाचणाऱ्यानं पट काढायचा, मांडायचा आणि मग वाचायचं, अशी त्यांची अपेक्षा. लेखाच्या शेवटी एकच ओळ ठरलेली: चूक आढळल्यास कळवावे.

आणि त्या ओळीखाली यायचे अंगठे. पिवळे, गोरे, सावळे, सगळ्या रंगांचे. अंगठ्यांची रांग संपली की कुणाचा तरी गुलाबाच्या फुलांचा सुप्रभात यायचा आणि लेख वर वर सरकत दिसेनासा व्हायचा.

रविवारी मी उशिरा उठायचे. दार उघडलं की काका जिन्यात.

"वाचलं का, ताई?"

"वाचलं. छान झालंय."

"लई छान म्हणून काय होतं? चूक सांगा."

"चूक नसेल तर?"

"असं कसं? माणसानं केलेल्या कामात चूक नाय असं होतंय का कुठं?"

याचं कारण त्यांच्या नोकरीत होतं. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग बनत; तिथं काका तपासनीस होते. बनून आलेल्या वस्तूला तिथं जॉब म्हणतात. जॉब हातात घ्यायचा, माप लावायचं, कडेवरून अंगठा फिरवायचा. कडेला केसाएवढी खरखर असली तरी त्यांच्या अंगठ्याला कळायची. ती सवय घरी आली. काकू सांगायच्या, लग्नानंतर सासरी पहिला चहा दिला तर यांनी आधी कपाच्या कडेवरून अंगठा फिरवला. माझ्या खोलीचा दरवाजा, डब्याचं झाकण, भाजीवाल्याच्या गाड्याची पत्र्याची कड, काकांचा अंगठा सगळीकडून फिरून यायचा. लग्नपत्रिका आली की शुद्धलेखन तपासून ती पाठवणाऱ्याकडं परत. वधूपित्याला वाटायचं, आहेर आला.

कारखान्यातलं सर्वांत मोठं पाप म्हणजे जॉब न बघता त्यावर ओकेचा शिक्का मारणं. चुकीचा जॉब काकांना चालायचा, तो दुरुस्त करता येतो. न बघता ओके मारणाऱ्याशी ते बोलणं सोडायचे. आणि कुणी कामगार तावातावानं म्हणाला की साहेब, तुमचंच माप चुकलंय, तर काका चिडत नसत, हात पुढं करत. "कुठं? दाखवा."

"हे दोन शब्द म्हणायला मिळेनात म्हणून ह्यांचं डोकं फिरलंय बघ," काकू मला म्हणाल्या. "रिटायर झाल्यापासून कुणी ह्यांना चूक म्हणंना. मला वाचून दाखवतात. मी आपली व्हय व्हय करते, तर म्हणतात, तू बी अंगठाच."

अंगठ्यावरचा त्यांचा राग मी सुरुवातीला गंमत म्हणून घेतला. पाणी आलं होतं, काका अंगणात टाकीत नळी सोडून उभे होते. मी म्हटलं, काका, लोक कौतुकानंच देतात हो. काकांनी नळी खाली टाकली.

"ताई, आमच्या आजोबांनी तहसिलात अंगठा दिला. शाई लावून. कामून? तर त्यांना अक्षर येत नव्हतं. बाहेर येऊन ते रडले, असं माझा बाप सांगायचा. त्याच दिवशी बापाला शाळेत घातलं, म्हणून मी शिकलो. अन् हे? ह्यांना समद्यांना अक्षर येतंय. इंजिनिअर हायेत, वकील हायेत. अक्षर येत असून अंगठा देऊ राहिले! अंगठेबहाद्दर!"

नळीतून पाणी अंगणभर चाललं होतं. आमच्या शहरात पाणी असं वाहू देणारा माणूस किती संतापलेला असेल, ते इथं राहणाऱ्यालाच कळेल. काकू आतून धावत आल्या आणि त्यांनी दोघांनाही बोल लावले.

नऊ प्याद्यांचा लेख मला त्यांच्या बाकी सगळ्या लेखांपेक्षा जास्त आठवतो. दर रविवारसारखाच तोही आला. पांढऱ्याची प्यादी कुठं कुठं आहेत ते काकांनी एकेक घर सांगून लिहिलं होतं. नेहमीसारखे अंगठे आले. ग्रुपवर एक अकॅडमीवाला होता, बुद्धिबळाचे क्लास चालवायचा. त्यानं तर अंगठ्यासोबत लिहिलं, "अतिशय मार्गदर्शक. माझ्या विद्यार्थ्यांना प्रिंट काढून दिला आहे." पुढच्या रविवारी लेखाऐवजी काकांचा दोन ओळींचा मेसेज आला. "मागील लेखात पांढऱ्याची प्यादी नऊ होती. ज्यांनी अंगठा दिला त्यांनी मोजून घ्यावीत."

पटावर एका बाजूची प्यादी आठ असतात. हे पोरासोरांनाही ठाऊक असतं.

मी फोनकडं बघत बसले. आता कुणीतरी ओशाळेल, कुणी माफी मागेल, कुणी निदान चिडेल तरी. थोड्या वेळानं पहिलं उत्तर आलं. अंगठा. मग दुसरा, तिसरा. अकॅडमीवाल्याचाही आला.

त्या दिवशी काका जिन्यात आले नाहीत. मीच खाली गेले. ते फोन हातात धरून बसले होते. "नऊ, ताई," ते एवढंच म्हणाले. "नऊ!" मला हसू येत होतं आणि त्यांच्याकडं बघून हसवतही नव्हतं. त्यांनी मुद्दाम चूक टाकली होती ती पकडावी म्हणून. ती लेकरांच्या हातात छापून गेली होती.

आता या अकॅडमीवाल्याबद्दल सांगितलंच पाहिजे, कारण त्याची आठवण झाली की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. ग्रुप काकांचा. नंबर काकांनी उन्हातान्हात फिरून गोळा केलेले. पण फोनमधलं आपल्याला फार कळत नाही म्हणून त्यांनी मोठ्या विश्वासानं या माणसाला जोडीला ॲडमिन केलं. मग एकदा पाण्याच्या दिवशी काकांचा फोन टाकीत पडला. नवा फोन आला, नंबरही नवा आला. अकॅडमीवाल्यानं त्यांना परत ग्रुपमध्ये घेतलं, पण साधा सभासद म्हणून. स्वतःच्याच घरात पाहुणा म्हणून यावं, तसं. "तेवढं ॲडमिन करून टाका," काका त्याला दोनतीनदा म्हणाले. "करतो काका, करतो," तो म्हणाला. ते कधीच झालं नाही. त्यानंतर ग्रुपवर क्लासच्या जाहिराती वाढल्या, कुणाकुणाच्या सत्काराचे फोटो वाढले. काका म्हणाले, जाऊ द्या, आपल्याला लेख टाकायला मिळतोय ना.

अशाच एका रविवारी त्यांनी 'हत्ती देऊन प्यादेमात' हा लेख टाकला. कँटीनमधला जुना डाव. समोरच्याला एक हत्ती फुकट खाऊ घालायचा, दुसरा हत्ती त्याच्या राजाच्या दारात उभा करायचा, आणि शेवटी साध्या प्याद्यानं मात द्यायची. जुन्या खेळणाऱ्यांना प्याद्यानं दिलेली मात फार मानाची वाटते. काकांनी तो लेख जीव ओतून लिहिला होता. अंगठे आले. आणि अंगठ्यांच्या मागून एक आवाज आला.

आवाज म्हणजे बोलून पाठवलेला मेसेज. रोशन गेटकडचे एक हाजीसाहेब होते, कापडाचं दुकान मुलांच्या हवाली करून घरी बसलेले. काकांनीच कधीतरी त्यांचा नंबर आणला होता. आजवर त्यांनी ग्रुपवर चकार शब्द काढला नव्हता. अंगठासुद्धा दिला नव्हता.

"जनाब, आपका मज्मून पढ़ा. मेरेकू मराठी पढ़ना आता, लिखना नै आता, इसलिए बोलरूं. पट भी मांडके देखा. बहुत उम्दा लिखे आप. मगर ये प्यादेमात होतीच नै. बादशाह निकल जाता."

मी गॅलरीत होते. खाली अंगणात काकांनी तो मेसेज ऐकला. परत ऐकला. मग काकूंना हाक मारून ऐकवला, मग मान वर करून मला ओरडून सांगितलं, "ताई, ऐकलं का? पट मांडला त्यांनी! पट!" आणि मग त्यांनी फोनमध्ये टाइप केलं. माझ्या फोनवर ते लगेच उमटलं.

"कुठं? दाखवा."

पुढचे काही दिवस 'चौसष्ट घरं' पहिल्यांदा घर वाटलं. काका टाइप करायचे, हाजीसाहेब बोलायचे. काका लिहीत, काळा राजा बाहेर पडूच शकत नाही, त्याच्या दारात हत्ती उभा आहे. हाजीसाहेब म्हणत, "दरवाजे में हत्ती खड़ा है, मंजूर. मगर सामने का रस्ता खुला है ना, साहब." काका लिहीत, रस्ता खुला कसा, तो हत्तीच्या तोंडासमोर आहे! हाजीसाहेब शांतपणे राजाला एकेक घर चालवून पार पटाच्या मध्यापर्यंत नेऊन दाखवत. काका संतापत, पट पुन्हा मांडत, अंगठा पटाच्या कडेवरून फिरवत येरझारा घालत. जेवणावर लक्ष नाही. "हा माणूस येडा हाय, नायतर मी," असं म्हणत आणि चेहऱ्यावर एवढं समाधान, की काकू म्हणाल्या, लग्नातसुद्धा एवढे खुश नव्हते.

गारखेड्याच्या बागेतले दोघंतिघंही मध्ये पडले. कुणी काकांच्या बाजूनं, कुणी हाजीसाहेबांच्या. कॉलेजच्या एका मुलीनं चक्क पटाचा फोटो पाठवला. अंगठा देणारे हात पहिल्यांदा लिहायला लागले होते.

आणि एका संध्याकाळी हाजीसाहेब जरा वैतागूनच बोलले, "अरे साहब, हत्ती सामने कैसा देखेगा? हत्ती तो तिरछा चलता ना!"

काकांनी माझ्याकडं बघितलं. मी काकांकडं.

काकांनी लिहिलं, हत्ती सरळ चालतो, कोपऱ्यात उभा असतो. तिकडून उत्तर आलं, "हमारे पास कोने में रुख रहता, जनाब. घोड़े के बाजू में फील. फील बोले तो हत्ती. हमारे दादा से ऐसाइच सीखे." मग काकांनी विचारलं, आणि उंट? "उंट तो हमारे पट पे रहताइच नै. आप लिखे तो मैं समझा, जो बच गया वो उंट."

म्हणजे एकाच शहरात, चार मैलांच्या आत, दोन माणसं दोन हत्ती घेऊन भांडत होती. आमचा हत्ती कोपऱ्यात उभा राहून सरळ चालतो. त्यांचा हत्ती घोड्याशेजारी उभा राहून तिरका चालतो. दोन्ही बाजूंना हत्तीच. लेख मराठीत वाचून हाजीसाहेबांनी पट उर्दूत मांडला होता.

ग्रुपवर हसण्याचा पूर आला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसणारी ती पिवळी तोंडं ओळीनं. काका हसले नाहीत. ते आत गेले, हाजीसाहेबांच्या हिशोबानं मोहरे मांडले आणि त्यांची प्रत्येक चाल तपासली. मग मला बोलावलं.

"बघा. ह्यांच्या पटावर ह्यांची एक बी चूक नाय. राजा निसटतोच. असा तपासलाय जॉब, की मी बी तपासला नसता." मोहऱ्यावरून त्यांचा अंगठा हळूहळू फिरत होता. "चूक माझी हाय, ताई. ड्रॉइंगवर माप लिहिलं नाय, तर कारागिराला कसा दोष द्यायचा? हत्ती म्हणजे कोणता, हे मी लिहिलंच नव्हतं."

ते लगेच पुढचा लेख लिहायला बसले. त्याचं नाव 'हत्ती कुठं उभा?'. त्यात आपली चूक कबूल करायची होती, आणि एकच जनावर पटावर दोन जागी कसं उभं राहिलं ते उलगडून सांगायचं होतं.

पण तेवढ्यात ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "हा मराठी ग्रुप आहे. सर्वांनी मराठीतच मेसेज टाकावेत." कुणाचं नाव घेतलं नव्हतं. घ्यायची गरज नव्हती. आणि त्या ओळीखाली अंगठ्यांची जी रांग लागली, तेवढी लांब रांग काकांच्या कुठल्याही लेखाला लागली नव्हती. इतके दिवस ज्यांना लिहायचा कंटाळा होता, ते सगळे होते त्यात. मला किळस आली.

काकांचं उत्तर आलं. "वजीर, प्यादं, शह, मात. यातला आपल्या घरचा शब्द कोणता, ते आधी सांगावं. बाहेरचे शब्द काढायचे ठरले तर पहिल्यांदा शह बंद करावा लागेल, आणि राजावर चाल करताना नुसतं 'जरा सांभाळून' म्हणावं लागेल. हाजीसाहेबांनी लेख मराठीत वाचला आहे. तुम्ही कोणत्या भाषेत वाचला?"

उत्तर नसलं की माणसं दार लावतात. थोड्याच वेळात ग्रुपवर पाटी आली, यापुढं फक्त ॲडमिन मेसेज टाकू शकतील. खाली अकॅडमीवाल्यानं लिहिलं होतं, "ग्रुपचे वातावरण चांगले राहावे म्हणून."

मी त्याला फोन लावला.

"मॅडम, तुम्ही चिडू नका. चर्चा फार वाढत चालली होती."

"चर्चा बुद्धिबळावर चालली होती!"

"तेच ना. लोकांना त्रास होतो. सारखा फोन वाजतो."

"मग बुद्धिबळाच्या ग्रुपवर कशावर बोलायचं?"

"कशावरच नाही, मॅडम," तो अगदी समजुतीच्या सुरात म्हणाला. "माहिती घ्यायची. शांतता राहते."

या वाक्यावर मला जे म्हणावंसं वाटलं ते मी म्हटलं, आणि ते इथं लिहिण्यासारखं नाही.

काकांचा लेख तयार होता. टाकायला जागा नव्हती. ज्या ग्रुपमध्ये त्यांना बोलता येत नव्हतं, तिथं आता त्यांना एकच गोष्ट करता येत होती. दुसऱ्याच्या मेसेजवर अंगठा देणं, तेवढं बंद झालं नव्हतं. हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांचं त्यांना कळलं. शेवटी त्यांनी मन मोठं करून लेख अकॅडमीवाल्याला पाठवला. सोबत लिहिलं, माझी चूक कबूल करणारा लेख आहे, कृपया ग्रुपवर टाकावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते जिना चढून वर आले. फोन माझ्यापुढं धरला. त्यांच्या एवढ्या लांब लेखाखाली उत्तर आलं होतं. एक अंगठा. लेख ग्रुपवर आलाच नाही. आपल्याकडं अंगठा दाखवणं कशाला म्हणतात, ते त्या अंगठेबहाद्दरानं काकांना अक्षरशः दाखवलं होतं.

"न बघता ओके मारलं," काका म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, आणि मला तेच सहन होईना.

मी म्हटलं, "काका, हाजीसाहेबांचा नंबर आहे की. त्यांना एकट्यांना पाठवा."

"एकट्यांना कामून? त्यांनी माझी चूक चारचौघांत दाखवली. लोक त्यांना चारचौघांत हसले. अन् कबुली मी गुपचूप देऊ?"

आमच्या चौकात एका मंडळाचा काळा फलक होता. महाप्रसाद, रक्तदान, कुणाचं निधन असलं काही त्यावर खडूनं लिहिलेलं असायचं. त्या दिवशी तो कोरा होता. दुसऱ्या दिवशी उजाडताच काका स्टूल घेऊन तिथं गेले. काकूंनी स्टूल धरलं आणि काकांनी वरच्या कोपऱ्यापासून लेख लिहायला सुरुवात केली. अक्षर बारीक, ओळी सरळ, मोहरा न् मोहरा सांगितलेला. दूधवाले थांबून बघत होते. कामावर जाताना मी शेवटची ओळ वाचली: चूक आढळल्यास कळवावे. त्यांचा अंगठा खडूनं पांढरा झाला होता.

हाजीसाहेबांना मी माझ्या ऑफिसातून फोन केला. एवढंच सांगितलं, चौकात या, तुमच्यासाठी काहीतरी लिहिलंय. ते म्हणाले, "अस्र की नमाज पढ़के आतूं, बेटा." म्हणजे दिवस कलल्यावर.

संध्याकाळी मी बसमधून उतरले आणि चौकातच थांबले. फलक पुसलेला होता. त्यावर रंगीत खडूनं, मधोमध, मोठ्या अक्षरांत कुठल्या तरी भाऊंना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा होत्या. काकांचा लेख ओल्या फडक्यानं गेला होता, खालच्या कोपऱ्यात 'कळवावे' मधला 'वे' तेवढा राहिला होता. ज्यानं पुसलं त्यानं एक ओळ तरी वाचली असेल का? मला रडू आलं, रागानं.

काका फलकासमोर उभे होते. आणि रिक्षातून हाजीसाहेब उतरत होते. पांढरी दाढी, इस्त्रीचा कुर्ता, काखेत घडीचा पट. वाचताना मांडायला पट बरोबर आणला होता त्यांनी.

"किधर है साहब, मज्मून?"

काकांनी फलकाकडं हात केला. हाजीसाहेबांनी भाऊंचा वाढदिवस सावकाश, अक्षर लावत वाचला आणि ते गोंधळून काकांकडं बघायला लागले.

मग काकांनी खिशातून फोन काढला, चष्मा वर केला आणि तिथंच, त्या शुभेच्छांसमोर, खणखणीत आवाजात लेख वाचायला सुरुवात केली. पाणीपुरीच्या गाड्याजवळचे लोक वळून बघायला लागले. हाजीसाहेबांनी एका बंद दुकानाच्या पायरीवर पट उघडला आणि काका वाचतील तसा एकेक मोहरा ठेवत गेले, कोपऱ्यात हत्ती, घोड्याशेजारी उंट, आमच्या हिशोबानं. काका शेवटाला आले. "म्हणून या लेखातील चूक सर्वस्वी माझी आहे."

हाजीसाहेब मान हलवत होते. "सब दुरुस्त है. मगर एक जगह गलत है."

काकांनी हात पुढं केला. "कुठं? दाखवा."

"ये आखिर की बात. चूक आपकी. ये गलत लिखे आप. मराठी मज्मून था, मराठी हत्ती था. समझनेवाला मैं गलत. चूक मेरी."

"अजिबात नाय!" काका असे उसळले, की रिक्षावाला दचकला. "ड्रॉइंग माझं होतं! माप लिहायचं काम माझं!"

"पढ़नेवाले कू अकल नै देते क्या अल्ला? पूछ लेता मैं एक लफ्ज!"

"कामून विचाराल तुम्ही? ज्यानं लिहिलं त्यानं सांगायला पाहिजे!"

"नै साहब, नै मानता मैं!"

दोघंही पटाच्या दोन बाजूंना उभे राहून तावातावानं चूक आपापल्याकडं ओढत होते. पाणीपुरीवाला गाडा सोडून जवळ आला होता. एक पोरगा मोटरसायकलवरून जाताना हसला आणि अंगठा वर करून गेला, तर काका त्याच्या मागं ओरडले, "थांबून बोल ना! हात काय दाखवतोस?"

मला आता हसूही आवरत नव्हतं आणि डोळेही. दोघांना त्यांचं भांडण निवांत भांडू द्यावं म्हणून मी हळूच घराकडं निघाले. चार पावलं गेले असेन, तोच मागून काकांचा आवाज आला.

"ताई, नुसतं हसून कुठं चाललात? चूक कुणाची, ते बोलून जा!"